तेवीस हजार चारशे अकरावी ओळ

खरं सांगते, या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते टवाळी करायलाच. पिंपळाखालची बाई, घाटात हात दाखवणारा म्हातारा, रिकाम्या खोलीतले पैंजण... जेवताना एखादा वाचायचा, नवऱ्याला ऐकवायचा आणि दोघांनी हसायचं. आमच्या माहेरी भूत-भगत यांना कधी उंबरठाच ओलांडू दिला नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, बाबा शाळामास्तर, आणि कोणाला ताप आला की आधी गोळी, नाही उतरला तर चिपळूणचा डॉक्टर. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय, याची सगळ्यात जास्त गंमत मलाच वाटतेय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मीही तेच केलं असतं.

बरं, माझ्या अनुभवात पिंपळही नाही आणि अमावास्याही नाही. भर दुपार होती आणि जे झालं ते लॅपटॉपच्या स्क्रीनवर झालं.

माझं काम थोडं सांगावं लागेल. मी रत्नागिरीत राहते आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर बंद पडला की त्याने मागे लिहून ठेवलेल्या लांबच लांब फाइली वाचायच्या आणि बिघाड कुठे झाला ते शोधायचं. त्यासाठी टर्मिनल असतं, म्हणजे काळा स्क्रीन आणि त्यावर नुसती अक्षरं. त्यात ‘लेस’ नावाची एक कमांड आहे. लाख ओळींची फाइल असली तरी ती झटकन उघडते आणि पानापानाने दाखवते. स्पेस दाबली की पुढचं पान, बी दाबलं की मागचं, क्यू दाबलं की बाहेर. एवढंच. चौदा वर्षं मी दिवसातले चार-पाच तास ही कमांड वापरतेय. ती आपण होऊन काही करत नाही. बटण दाबलं तर हलते, नाहीतर प्रलयापर्यंत तशीच उभी राहते.

हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्यावरच आहे.

माझी भाची तन्वी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ मुंबईला नोकरीत, वहिनी आणि तन्वी गावी. आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी, दाभोळच्या समोरच्या अंगाला. पोरीला लहानपणापासून गुराढोरांचं वेड, आणि गेल्या वर्षी तिला व्हेटर्नरीला सीट लागली. आमच्या अख्ख्या वाडीत त्या कॉलेजचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. पण सीट राखीव कोट्यातली, त्यामुळे जातवैधता हवी, आणि त्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा. वडलांकडच्या रक्ताच्या कोणाचाही शाळेचा दाखला चालतो. आमच्याकडे बाबांच्या मागचा, जात लिहिलेला एकही कागद नव्हता. आजोबा, राघू धाकू, शाळेत गेलेच नव्हते असं सगळे म्हणायचे. गावातली शाळा निघालीच स्वातंत्र्यानंतर. जात पडताळणी समितीने शेवटची तारीख सोमवारची दिली होती. सोमवारी पुरावा दिला नाही तर प्रकरण पुढे ढकललं जाणार आणि सीट दुसऱ्याला जाणार, हे स्पष्ट होतं.

गुरुवारी रात्री तन्वी फोनवर एवढंच म्हणाली, "आतू, नाय झालं तर मी फार्मसीला जाईन, चालेल." तिच्या आवाजावरून मला कळलं की चालणार नव्हतं. शुक्रवारी मी रजा टाकली आणि चिपळूणला गुरुजींकडे गेले.

गुरुजी म्हणजे बाबांचे जुने सहकारी, आता पंचाहत्तरीला आलेले. निवृत्तीनंतर त्यांनी एक वेडं काम हातात घेतलं होतं. खाडीपट्ट्यातल्या अकरा जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं वाळवी खाऊन टाकायच्या आत स्वतः बसून टाइप करायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मी घरी गेले तर म्हणाले, "घे. कुणीतरी मागायला येईल म्हणून वाट बघत होतो. तू पहिलीच." आणि माझ्या हातावर पेनड्राइव्ह ठेवला.

फाइल एकच आणि तीही जुन्या फॉन्टमधली. मी ती बदलून घेतली तेव्हा अर्धी जोडाक्षरं मोडली. त्यामुळे सर्च करून भागणारं नव्हतं, डोळ्यांनीच वाचावी लागणार होती. एकेका मुलाची एकेक ओळ, शिवाय गुरुजींच्या टिपा. सगळ्या मिळून एकतीस हजारांच्या वर ओळी.

शनिवारी सकाळी मी गावी पोचले. जुलै महिना, पहाटेपासून लाइट नव्हती, त्यामुळे नेट नाही, मोबाइलला रेंज नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता आणि मी घरून पूर्ण भरलेली पॉवर बँक आणली होती. पडवीत टेबल मांडलं. मी फाइल लेसमध्ये उघडली, ओळींचे नंबर दिसतील अशी व्यवस्था केली, आणि तन्वी वही घेऊन शेजारी बसली. थोड्या अंतरावर माझी आत्या फणसाच्या आठळ्या सोलत होती. आत्या म्हणजे बाबांची बहीण, ब्याऐंशी वर्षांची. नवरा गेल्यापासून ती माहेरीच असते. तिची जीभ अजून पंचविशीतली आहे.

"म्हशींची डागदरीण व्हायला इतकी पुस्तका लागतात व्हय?" ती म्हणाली. "आमच्या येळेला म्हस आपली आपण व्यायची."

आम्हाला शोधायची होती दोन नावं. राघू आणि त्यांचा धाकटा भाऊ भिवा. दोघींनी आळीपाळीने एकेक शाळा वाचायची, नाव दिसलं की ओरडायचं. शेजारच्या गावची शाळा खरी जुनी होती, शंभर वर्षांवरची. आमच्या वाडीतून तिथे चढणीची वाट आहे, तासाभराची. आशा होती ती त्या शाळेवरच. आम्ही तिची मुलांची सगळी पानं वाचली. राघू चार मिळाले, पण एकही आमचा नाही. भिवा एकही नाही.

प्रत्येक शाळेच्या रजिस्टरात मुलींच्या नोंदी शेवटी वेगळ्या पानांवर होत्या. ‘मुली’ असं शीर्षक आलं की मी पटापट स्पेस मारून पुढच्या शाळेवर जायचे. तसंच याही वेळी केलं, आणि चहा ठेवायला आत गेले.

बाहेर आले तर स्क्रीनवर मुलींचं पान. सर्वांत वरची ओळ तेवीस हजार चारशे अकरा.

"तन्वी, हात लावलास?"

"मी इथे कुठे होते? दोरीवरचे कपडे काढत होते." खरंच तिच्या हातात ओले कपडे होते.

मी म्हटलं, माझंच चुकलं असेल, मागचं बटण दाबलं गेलं असेल. पुन्हा पुढे गेले. पाऊस तिरका आला म्हणून खिडक्या लावायला उठले, दोन मिनिटं. परत येऊन बघते तर तेच पान. वर तीच ओळ, तेवीस हजार चारशे अकरा.

मला राग आला. भीती वगैरे मुळीच नाही, राग. दोन दिवस हातात आणि लॅपटॉपला आत्ताच दुखणं व्हायचं होतं. कोकणात खाऱ्या हवेने कीबोर्ड खराब होतो, बटणं अडकतात, हे मला ठाऊक आहे. मी लॅपटॉप उलटा करून बटणं झाडली. टचपॅड पुसलं, वर एक मुंगी होती तिला हाकललं. मग पुढच्या शाळेवर गेले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघत बसले. तन्वीलाही बघायला लावलं.

साधारण मिनिटभर काही नाही. मग ओळी मागे सरकू लागल्या.

पानं उडत नव्हती. एक ओळ, मग थोडं थांबणं, मग दुसरी ओळ. बटण अडकलं असतं तर एकसारखं धावत फाइलच्या सुरुवातीला जाऊन आदळलं असतं. हे तसं नव्हतं. आपण वहीत काही चुकवलं असं वाटलं की बोट ठेवून मागे मागे जातो ना, तशी ती चाल होती. तेवीस हजार चारशे अकरा वर आली आणि चाल थांबली.

"आतू," तन्वी हळूच म्हणाली, "परत कर."

ती घाबरली नव्हती. डोळे चमकत होते. माझेही चमकत असणार. सांगायला लाज वाटते, पण पुढचा पाऊण तास आम्ही दोघी सीट, समिती, सोमवार सगळं विसरलो. मी टचपॅड बंदच करून टाकलं. कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण नोंदवणारा एक छोटासा प्रोग्राम माझ्याकडे कामासाठी असतो, तो चालू केला. स्क्रीन पुन्हा मागे गेला आणि नोंद रिकामी. एकही बटण दाबलं गेलं नव्हतं. लाइट नाही, नेट नाही, म्हणजे कोणी बाहेरून शिरून थट्टा करतंय असंही नाही. मग तन्वीने डोकं चालवलं. म्हणाली, आपण मुलींच्या पानांच्या सुरुवातीला नेऊन सोडू. सोडलं. या वेळी ओळी पुढे सरकल्या आणि तिथेच येऊन थांबल्या. मागून सोडलं तर पुढे, पुढून सोडलं तर मागे. त्याच शाळेच्या मुलांच्या पानांवर सोडलं की मात्र स्क्रीन शहाण्यासारखा उभा. दहा मिनिटं बघितलं, हलला नाही. पोरीने वहीत चक्क तक्ता केला. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो आजही माझ्याकडे आहे.

आणि या सगळ्यात आम्ही दोघींनी ते पान एकदाही वाचलं नाही. विश्वास बसेल? ओळीचा नंबर बघायचो आणि ‘ह्या मुली आहेत’ म्हणून सोडून द्यायचो. एक बाई, जी चौदा वर्षं पुरुषांनी भरलेल्या खात्यात सर्व्हर सांभाळते, आणि एक पोरगी, जी डॉक्टर व्हायला निघालीय. दोघींनाही मुलींच्या पानावर आपल्या घरातलं कोणी असेल असं वाटलंच नाही.

आत्याचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं. आठळ्यांची परात बाजूला सारून ती म्हणाली, "काय गो, मगाधरनं बघतंय. थांबतंय, थांबतंय म्हणताव. जिथं थांबतंय तिथं कोन हाय ता वाचलाव काय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तन्वीने वाचायला घेतलं. वरची ओळ, पहिला शब्द.

"सोनी धाकू. राहणार..." आणि आमच्या वाडीचं नाव. पुढे जात. आमची. त्यापुढे शाळेत घातल्याची तारीख, पन्नास सालाच्या खूप आधीची.



"धाकू आमचा आजा," ती म्हणाली.

"तो माहीत आहे. पण सोनी कोण?"

 आत्या अडखळत सांगू लागली, कारण तिलाही ते तुकड्या-तुकड्यांनीच ठाऊक होतं. "माज्या बापसाला एक भईण व्हती, थोरली. आयस एकदा बोलल्याली. ल्हानपनीच गेली, तापानं. बापूस तिचा नाव काडीत नसे. कोनी काडला तर उटून जायचा." मग म्हणाली, "पन सही करायचा. शाळंत गेला नाय, तरी सही करायचा. आमी इचारायचाव, बाबा, कोनी शिकवलान? तर हसायचा नुसता."

 मला एकदम रडू आलं. मी घरात सगळ्यात कोरडी समजली जाते, पण आलं. त्या काळात, त्या वाडीतली एक पोर रोज तासभर चढून शाळेत जात होती. तिला आत बसू देत होते का बाहेर पडवीत, कोण जाणे. आणि संध्याकाळी घरी येऊन धाकट्या भावाला धुळीत अक्षरं काढून दाखवत असणार. धूळ माझ्या मनातली, सही मात्र खरी. आमच्या वंशावळीत ती नव्हतीच. चार पिढ्यांची वंशावळ आम्ही समितीला दिली होती आणि त्यात एकाही बहिणीचं नाव नव्हतं.

संध्याकाळी भावाला फोन लागला. त्याला सगळं सांगितलं, स्क्रीनचं सोडून. तो आधी म्हणाला, "बहिणीचा दाखला चालतो?" मी म्हटलं, रक्ताची आहे, वडलांकडची आहे, का नाही चालणार?  मग म्हणाला, "आपल्याला कोणी सांगितलं नाही गो तिच्याबद्दल." आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत वडलांचं नाव धाकू आणि वाडी हीच होती. तो दुवा पुरेसा होता.

सोमवारी दहाला आम्ही शाळेच्या दारात उभ्या. मुख्याध्यापक बाईंनी कपाट उघडलं. मला धाकधूक होती, कारण फाइल ही नुसती टाइप केलेली फाइल, मूळ पान वाळवीने खाल्लं असेल तर सगळं फुकट. पान होतं. कडा गेलेल्या, पण ओळ शाबूत. बाईंनी प्रमाणित नक्कल करून सही-शिक्का दिला, आम्ही जयगडची फेरीबोट गाठली आणि तीनच्या आत रत्नागिरीत समितीपुढे पोचलो. पुढे वंशावळ दुरुस्त करून द्यावी लागली, सोनीचं नाव घालून. महिन्याभराने वैधता मिळाली. तन्वी आता पहिल्या वर्षाला आहे आणि फोनवर मला गाईच्या चार पोटांबद्दल इतकं सांगते की मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरते.

आता तुम्ही विचाराल, मग ते होतं काय? मला माहीत नाही. लॅपटॉप तोच आहे, आज हे त्यावरच लिहितेय. फाइल तीच आहे. त्यानंतर मी कितीतरी रविवारी ती उघडून, हात मांडीवर ठेवून बसले. नवरा म्हणतो, ध्यान लावतेस का? स्क्रीन एकदाही हलला नाही. ऑफिसातल्या दोघांना व्हिडिओ दाखवला. एक म्हणाला कीबोर्डचा दोष, दुसरा म्हणाला टर्मिनलचा बग. कीबोर्डची नोंद रिकामी का, आणि बगला मुलींचं पान कसं कळलं, यावर दोघंही म्हणाले, बघून सांगतो. गुरुजींना विचारलं, ती ओळ टाइप करताना काही विशेष झालं होतं का? म्हणाले, "बाळ, एकतीस हजार ओळी टाइप केल्या. मला जेवल्याचंही आठवत नाही." मी अजूनही भूत मानत नाही. पण जे बघितलं ते बघितलं नाही असं म्हणायला मला जमत नाही, आणि कोणाला साधं कारण सापडलं तर मला खरंच ऐकायचंय.

शाळेतलं एक सांगायचं राहिलं. बाई नक्कल लिहीत होत्या तेव्हा शेवटच्या रकान्यांशी अडल्या. शाळा सोडल्याची तारीख, कोरी. सोडण्याचं कारण, कोरं. वरच्या-खालच्या मुलींचे भरलेले होते. बाईंनी पान माझ्याकडे वळवलं.

"हिचं नाव कोणी कमीच केलेलं नाही. रजिस्टरप्रमाणे ही अजून आमच्या पटावर आहे." मग जरा संकोचून म्हणाल्या, "तुम्ही घरचे आहात. अर्ज दिलात तर मयत असा शेरा मारून नाव कमी करता येईल."

मला ठरवता येईना. शाळेच्या आवारात रेंज होती, मी आत्याला फोन लावून विचारलं.

"कशाला?" आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे. शिकतेय ती."